अडलंय तेवढ्यापुरताच चीट: एकट्यानं खेळायच्या गेममध्ये चीट कसा वापरायचा

दिवाळीच्या सुट्टीत निपाणीहून भाचा आला. आल्या आल्या त्यानं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर जीटीए मालिकेतली व्हाइस सिटी लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर गडी तोंड पाडून बसलेला. रिमोटच्या हेलिकॉप्टरनं बांधकामाच्या इमारतीत चार बॉम्ब नेऊन ठेवायचे असतात, त्या 'डिमॉलिशन मॅन' मिशनवर अडकला होता. ज्यांनी ते खेळलंय त्यांना आणखी काही सांगायला नको.

"मामा, हेल्थचा चीट चारदा मारलो, काय उपयोग होईना बघ."

कसा होणार? चीट म्हणजे गेम सोपा करायची चोरवाट. ती लागली टॉमीला, म्हणजे गेममधल्या आपल्या गड्याला, आणि अडलंय हेलिकॉप्टरचं.

बेळगावच्या टिळकवाडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खानापूरपासून चिकोडीपर्यंतची पोरं मशीन घेऊन येतात. त्यातली निम्मी मशीनं गेम खेळून नाही, तर गेमचे चीट शोधता शोधता बिघडलेली असतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. यातला बराचसा भाग चीट कसा मारायचा याबद्दल नाही, मारण्याआधी काय करायचं याबद्दल आहे. तिथंच सगळे फसतात.

एक खुलासा आधीच करतो. कोडची अक्षरं मी इथं देवनागरीत, एकेक करून लिहिणार आहे. २००४-०५ च्या सुमाराला आम्ही कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन खेळायचो, तेव्हा कोड असेच चालायचे. एकजण वही धरून ओरडायचा, "एच, ई, एस, ओ, वाय, ए, एम", आणि पलीकडच्या केबिनमधला टाइप करायचा. ती वही अजून माझ्याकडं आहे.

आधी ठरवा: गेम खरोखर एकट्याचा आहे का?

नेट बंद करून गेम चालू करा. तो पूर्ण चालत असेल, दुसऱ्या कुणाचा गुणतक्ता तुमच्या खेळानं हलत नसेल आणि खऱ्या पैशानं विकत घ्यायचं काही मध्ये येत नसेल, तर तो तुमचा एकट्याचा. त्यात काय करायचं ते तुम्ही ठरवा, कुणाच्या बापाचं काही जात नाही. यातली एक जरी गोष्ट लागू होत नसेल तर पुढचं त्या गेमसाठी नाही. पबजीच्या वळणाच्या गेममध्ये चीट कसा टाकायचा हे विचारायला दुकानात पोरं येतात. त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. तिथं समोर माणूस असतो आणि खातं कायमचं जातं.

काही गेम दोन्हीकडचे असतात. जीटीए फाइव्हच्या कथेत गेममधल्या फोनवरून नंबर फिरवून चीट लागतात आणि त्याला कंपनीचीच परवानगी आहे. त्याच गेमचा ऑनलाइन भाग मात्र वेगळा, तिथं हे कोड चालत नाहीत. कथेसाठी टाकलेले मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेले बदल, तसेच ठेवून ऑनलाइन गेलात, तर बंदी ओढवून घ्याल. जाता जाता सांगतो, जीटीए फाइव्हच्या कथेत पैशाचा कोड नाहीच. कुणी विकत असेल तर तो तुम्हाला टोपी घालतोय.

मग बघा: नेमकं काय अडलंय?

माझ्या अनुभवात माणूस चार कारणांनी अडतो. एक, वेळ नाही. दुकान बंद करून रात्री साडेनऊला बसणाऱ्यानं तीस तास लाकडं तोडत बसायचं काय? दोन, हात चालत नाही, म्हणजे एकच जागा वीस वेळा मरूनही पार होत नाही. तीन, गेमच बिघडला. पात्र भिंतीत रुतलं, दार उघडत नाही, ज्याच्याशी बोलायचं तो माणूसच गायब. चार, काही अडलेलं नाही, नुसती मस्ती करायची आहे.

चौघांना औषध वेगळं. वेळ नसणाऱ्याला पैसे किंवा सामान पुरतं, त्यानं अमर व्हायची गरज नाही. हात न चालणाऱ्यानं आधी अवघडपणाची पातळी कमी करावी. बऱ्याच नव्या गेममध्ये ही सोय निर्मात्यांनीच दिलेली असते. २०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये असिस्ट मोड आहे, त्यात खेळाचा वेग निम्म्यापर्यंत खाली आणता येतो. 'हेडीस'मधल्या गॉड मोडला नाव मोठं आहे, पण तो अमर करत नाही. सुरुवातीला मार वीस टक्क्यांनी कमी लागतो आणि प्रत्येक मरणामागं आणखी दोन टक्के सूट मिळते, ती ऐंशीपर्यंत वाढते. असा हळू चढणारा चीट मला सगळ्यात आवडतो. हरत हरत शिकताही येतं, आणि एक दिवस जिंकताही येतं.

गेम बिघडल्यामुळं अडलेल्यानं तर अजिबात लाजू नये. भिंतीत रुतलेलं पात्र बाहेर काढणं म्हणजे चीट नव्हे, दुरुस्ती.

सेव्हची प्रत: हे केल्याशिवाय पुढचं वाचू नका

जीटीएच्याच सॅन अँड्रियासमध्ये रस्त्यावरच्या लोकांचं वागणं बदलणारे कोड आहेत. दंगल उसळते, जो तो हाणामारी करतो. बघायला मजा येते. पण असा कोड लावून सेव्ह केलं की तो सेव्हमध्येच मुरतो, परत काढता येत नाही. पुढं एक मिशन येतं. मॅड डॉग नावाचा गायक गच्चीच्या काठावर उभा असतो आणि त्याला खाली ट्रकमध्ये झेलायचं असतं. वागणं बिघडलेल्या सेव्हमध्ये तो तुम्ही पोचायच्या आतच उडी मारतो. कितीही वेळा खेळा, तो मरणारच, आणि कथा तिथंच संपली. शहापूरचा माझा एक मित्र या जागी तीन आठवडे डोकं आपटत होता. प्रत नव्हती, शेवटी पहिल्यापासून खेळला. चीट लावून सेव्ह करायला गेलं की गेम इशारा देतो, पण तो वाचतो कोण?

तर प्रत अशी करायची:

१. गेममध्ये साधं, स्वच्छ सेव्ह करा आणि गेम पूर्ण बंद करा. चालू ठेवून प्रत काढू नका.

२. सेव्हचं फोल्डर शोधा. व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियासची सेव्ह विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये, त्या त्या गेमच्या नावापुढं 'युजर फाइल्स' लिहिलेल्या फोल्डरमध्ये असतात. आठ खाने, प्रत्येकाची वेगळी फाइल, नावाच्या शेवटी खान्याचा आकडा. माइनक्राफ्टच्या कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत प्रत्येक जग म्हणजे 'सेव्ह्ज'मधलं एक फोल्डर. फोनवरच्या बेडरॉक आवृत्तीत फाइली शोधायची गरजच नाही, जगाच्या सेटिंगमध्ये खाली 'कॉपी वर्ल्ड'चं बटण आहे.

३. अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर टाका. नाव देताना तारीख आणि कुठवर आलोय ते लिहा. 'नवीन', 'नवीन२', 'नवीन फायनल' असली नावं दिलीत तर महिन्यानं तुम्हीच कपाळाला हात लावाल.

४. सेव्ह क्लाउडवर जात असतील तर त्या गेमपुरतं क्लाउड बंद करा. नाहीतर तुम्ही जुनी फाइल परत ठेवता, आणि वरून नवी बिघडलेली फाइल येऊन तिच्यावर बसते.

५. एकदा प्रत परत ठेवून, गेम उघडून बघा. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखी.

यानंतर आमचा जुना नियम: पहिला खाना स्वच्छ, आठवा खाना चीटचा. पहिल्या खान्यात चीट लागलेलं सेव्ह कधीच करायचं नाही. कॅफेत याच्यावरून भांडणं झालीत.

गेममध्येच असलेले कोड

हे सगळ्यात सुरक्षित. काही उतरवायचं नाही, काही बसवायचं नाही. निर्मात्यांनी तपासणीसाठी ठेवलेली ही चोरवाट असते. खडेबाजारातून आणलेल्या पिवळ्या कॅसेटवर आपण जो कॉन्ट्रा खेळलो, त्याचा तीस जीव देणारा कोड आठवत असेल: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये 'ग्रेडियस' घरच्या मशीनवर आणताना तो घातला. गेम त्यांना स्वतःलाच अवघड जात होता आणि तपासायचा तर शेवटपर्यंत जायला पाहिजे. काढायचा राहून गेला, आणि आमचं बालपण तरलं. १९९३ च्या 'डूम'मधला अमर करणारा कोडही, आय, डी, डी, क्यू, डी, याच जातकुळीतला.

कॉम्प्युटरवरच्या जुन्या जीटीएमध्ये कोड टाइप करायला चौकट उघडत नाही, खेळता खेळता सरळ टाइप करायचं. पहिल्यांदा करणारा घाबरतो, कारण ए आणि एस याच चालायच्या कळा असल्यामुळं टॉमी दोन पावलं इकडं तिकडं हलतो. हलू दे. कड्यावर किंवा गच्चीच्या काठावर उभं राहून मात्र टाइप करू नका. व्हाइस सिटीतला तब्येतीचा कोड म्हणजे अॅस्पिरीन, पण शेवटी एक जादाचा ई लागतो. औषधाच्या दुकानातलं स्पेलिंग चालत नाही. पोलीस मागं लागले तर 'लीव्ह मी अलोन' सलग, मोकळी जागा न सोडता. सॅन अँड्रियासमध्ये एच, ई, एस, ओ, वाय, ए, एम मारला की तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर एकदम, आणि गाडीत बसून मारला तर गाडीही दुरुस्त. (ही जीटीए मालिका अठराच्या पुढच्यांसाठी आहे. धाकट्याला मांडीवर घेऊन बसू नका.)

एज ऑफ एम्पायर्स दोनमध्ये एंटर दाबायचं, कोड टाइप करायचा, परत एंटर. 'मार्को'नं नकाशा उघडतो, 'पोलो'नं धुकं जातं, 'रॉबिन हूड'नं सोनं मिळतं. 'एजिस' मारला की इमारती क्षणात उभ्या राहतात, पण तो कॉम्प्युटरच्या राजालाही लागतो. आमच्यातला एकजण एजिस मारून चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा गाव बेचिराख.

काही गेममध्ये कन्सोल असतो, म्हणजे हुकूम टाइप करायची पट्टी. २००४ च्या हाफ लाइफ दोनमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधल्या अॅडव्हान्स्ड भागात जाऊन डेव्हलपर कन्सोल चालू करायचा, मग एकच्या डावीकडची कळ दाबायची. आधी 'एसव्ही', अंडरस्कोर, 'चीट्स', मोकळी जागा, एक. मग 'गॉड' म्हटलं की अमर, 'नोक्लिप' म्हटलं की भिंतीतून आरपार. रुतलेल्या जागेतून सुटायला नोक्लिपसारखं औषध नाही. तोच शब्द परत टाइप केला की बंद होतो. बंद करताना पायाखाली जमीन आहे ना ते बघा. स्कायरिममध्ये याच कामाला टी, सी, एल.

माइनक्राफ्टवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. बेडरॉकमध्ये एखाद्या जगात चीट एकदा चालू केले की त्या जगातून अचीव्हमेंट, म्हणजे कामगिरीची बिरुदं, मिळणं कायमचं बंद. नंतर चीट बंद केले तरी परत मिळत नाहीत. म्हणून आधी जगाची प्रत काढायची आणि प्रतीतच काय तो धिंगाणा घालायचा.

चीट इंजिन: स्वतः आकडा शोधून बदलणं

कोड नाही, कन्सोल नाही, तेव्हा हे सॉफ्टवेअर. कल्पना सोपी आहे. गेममध्ये तुमच्याकडं १,२५० रुपये असतील तर तो आकडा कॉम्प्युटरच्या मेमरीत कुठंतरी लिहिलेला असतो. ती जागा शोधायची आणि आकडा खोडून दुसरा लिहायचा.

बसवताना एक काळजी. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये मध्येच दुसरी सॉफ्टवेअरं घ्यायची विनंती येते, तिथं डोळे मिटून 'नेक्स्ट' दाबू नका, नकार द्या. अँटीव्हायरस ओरडेल. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत हात घालणं हेच त्याचं काम असल्यामुळं ते साहजिक आहे. पण म्हणूनच ते मूळ ठिकाणाहूनच घ्यावं, मित्राच्या पेनड्राइव्हवरून नाही.

गेम खिडकीत चालू ठेवा. चीट इंजिनात वर डावीकडं कॉम्प्युटरचं चित्र आहे, त्यावर टिचकी मारून यादीतून गेम निवडा. किमतीच्या रकान्यात १२५० लिहा, प्रकार 'फोर बाइट्स' राहू द्या आणि पहिला शोध घ्या. हजारो जागा सापडतील, कारण १२५० हा आकडा मेमरीत आणखी शंभर कामांसाठी असतो. आता गेममध्ये जाऊन काहीतरी विकत घ्या. समजा ७० गेले. परत येऊन ११८० लिहा आणि पुढचा शोध घ्या. यादी एकदम आटते. पुन्हा थोडा खर्च, पुन्हा शोध. तीन-चार फेऱ्यांत दोन-तीन जागा उरतात. दोनदा टिचकी मारून त्या खालच्या यादीत घ्या आणि एकेक बदलून बघा. जिच्यानं गेममध्ये खरोखर खर्च करता येतो ती खरी जागा. नुसताच पडद्यावरचा आकडा बदलत असेल तर ती फक्त दाखवायची.

आकडा किती लिहायचा? भाच्यानं हौसेनं नऊ नऊ ओढले आणि खात्यात उणे दिसायला लागलं. चार बाइटच्या खान्यात साधारणपणे जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, त्याच्या वर गेलं की आकडा उलटून उणे होतो. आणि एवढे हवेत कशाला? पुढचं हत्यार ५,००० ला आहे तर ६,००० लिहा. गेममधलं दुकान बिनकामाचं झालं की गेमही थोड्याच वेळात बिनकामाचा होतो, हे मी माझ्यावरच करून बघितलंय.

तब्येतीची पट्टी असते, आकडा दिसत नाही, मग काय शोधायचं? प्रकार बदलून 'फ्लोट', म्हणजे दशांशाचा आकडा, करा, सुरुवातीला 'किंमत माहीत नाही' हा पर्याय घ्या. मग मार खा आणि 'कमी झाली' शोधा. औषध घ्या आणि 'वाढली' शोधा. काहीच न करता थांबा आणि 'तेवढीच राहिली' शोधा. चिकाटीचं काम आहे, पंधरा-वीस फेऱ्या लागतात. सापडली की शेजारच्या चौकटीत खूण केली की ती गोठते. गेम बंद करून परत उघडला की जागा बहुधा बदललेली असते, तेव्हा जुनी यादी वापरू नका, नव्यानं शोधा.

आणि काम झालं की चीट इंजिन पूर्ण बंद करा. ते मागं चालू ठेवून कुठलाही ऑनलाइन गेम उघडायचा नाही. पहारेकरी सॉफ्टवेअरला तुमचा हेतू कळत नाही, त्याला फक्त ते चालू दिसतं.

ट्रेनर आणि फोनवरचे उद्योग

ट्रेनर म्हणजे तयार चीटची खिडकी, एक कळ दाबली की अमर, दुसरी दाबली की गोळ्या न संपणं. 'आयजीआय'च्या पहिल्या भागात मिशनच्या मध्ये सेव्हच करता येत नव्हतं, शेवटच्या कुंपणाशी मेलात की पुन्हा पहिल्यापासून. त्यातच करंट गेला तर विचारूच नका. तेव्हा अर्धं बेळगाव ट्रेनरवर खेळलं.

पण दुकानात येणारी बहुतेक दुखणीही इथलीच. मागच्या वर्षी एक व्यापारी मशीन घेऊन आले. त्याच मशीनवर दुकानाचं टॅली, त्याच मशीनवर जीएसटी. पोरानं ट्रेनर म्हणून झिप उतरवली होती, पासवर्ड लावलेली, सोबत चिठ्ठी: आधी अँटीव्हायरस बंद करा. झिपला पासवर्ड असतो तो आत काय आहे हे अँटीव्हायरसला दिसू नये म्हणून. ब्राउझरमधले साठवलेले सगळे पासवर्ड गेले. बँकेचं वेळेत थांबवलं म्हणून निभावलं.

तेव्हा ज्या मशीनवर घरचे पैसे फिरतात तिथं ट्रेनर नको, बस्स. दुसरं मशीन असेल तर आधी फाइल व्हायरसटोटलवर टाकून बघा, ती वेबसाइट एकाच फाइलला अनेक अँटीव्हायरस इंजिनांकडून तपासून देते. एक-दोन इंजिनं ओरडली तर समजू शकतो, वीस ओरडली तर फाइल उडवा.

फोनवर 'मॉड एपीके'चंही, म्हणजे कुणीतरी बदल करून बाहेर वाटलेल्या अॅपचंही, तेच. बाहेरून आलेलं अॅप मेसेज वाचायची परवानगी मागत असेल तर ते तुमच्या ओटीपीसाठी आलंय. त्याऐवजी दोन निरुपद्रवी वाटा सांगतो. 'एनर्जी भरायला चार तास' असल्या ऑफलाइन गेममध्ये नेट बंद करून फोनचं घड्याळ पुढं सरकवा, काही गेम फसतात. नंतर घड्याळ आपोआपवर आणायला विसरू नका, नाहीतर व्हॉट्सअॅप तारीख चुकली म्हणून अडून बसेल आणि तुम्ही फोन बिघडला म्हणून माझ्याकडं याल. दुसरी वाट पीपीएसएसपीपीची, म्हणजे फोनवर पीएसपीचे जुने गेम चालवणाऱ्या अॅपची. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये 'एनेबल चीट्स' आहे, शिवाय कुठल्याही क्षणी सेव्ह स्टेट, म्हणजे खेळ आहे तिथंच जसाच्या तसा साठवणं, घेता येतं. पुष्कळदा सेव्ह स्टेटच पुरतं, कोड लागतच नाही.

आणि ते हेलिकॉप्टर?

भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिला बॉम्ब उचलेपर्यंत त्या मिशनचं घड्याळ सुरूच होत नाही. म्हणजे मोकळं हेलिकॉप्टर घेऊन इमारतीत फिरायचं, जिने बघून ठेवायचे, आडवे येणाऱ्या कामगारांचा पात्यांनी आधीच बंदोबस्त करायचा. एवढं करूनही हात थरथरत असेल तर खेळाचा वेग कमी करणारा कोड आहे, 'बोअरिंग', त्यात ओ ओळीनं इतके आहेत की आमच्या वहीत ते मोजून वर आकडा घातलाय.

पोरगा अर्धा तास नुसता जिने बघत फिरला. तिसरा बॉम्ब ठेवला आणि करंट गेला. परत आल्यावर वही उघडून माझ्यासमोर धरली.

"मामा, हे ओ सहा हाईत की आठ? तुझं अक्षर कळेना."

मलाही कळेना. मग त्यानं वही बाजूला ठेवली आणि पहिला खाना उघडला.